तुम्ही मुलांच्या कविता तपासून का देत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. पालकसभेत, शिक्षकांच्या खोलीत, एकदा तर एसटीची वाट पाहत उभा असतानाही मला हाच प्रश्न विचारला गेला: शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही मुलांना कविता लिहायला बसवता, एकमेकांना वाचून दाखवायला लावता, मग त्यांतल्या चुका दुरुस्त का करत नाही? निबंधाच्या वह्या मी लाल शाईने तपासतो, त्यांत एकही ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाही; तेव्हा हा आळस नव्हे, एवढे तरी मान्य करावे.

पंधरा वर्षांपूर्वी मी कविताही तपासत असे, आणि अगदी मन लावून तपासत असे. आठवीतल्या एका मुलीने कापूस वेचणाऱ्या आपल्या आईवर कविता लिहिली होती. दिवाळीनंतरचे दिवस होते. वर्गातल्या निम्म्या मुली सुट्टीच्या दिवशी वेचणीला जात आणि वाळलेल्या बोंडांची टोके लागून त्यांची बोटे नखांच्या कडेला चिरलेली असत. तिची ओळ होती, ‘मायना हात फाटी ग्यात’. स्पर्धा तालुक्याच्या गावी होती, परीक्षक बाहेरचे होते. मी ‘माय’ खोडून ‘आई’ केले, ‘फाटी ग्यात’च्या जागी ‘विदीर्ण झाले’ घातले, यमके जुळवली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेला कागद तिच्या हाती दिला. तीन दिवस ती तो पाठ करत होती. स्पर्धेत तिने पहिल्या चार ओळी नीट म्हटल्या, ‘आईचे हात’ इथपर्यंत ती आली आणि थांबली. समोरच्या रांगेतून मी नुसते ओठ हलवून तिला पुढचा शब्द सांगत होतो. तिने माझ्याकडे पाहिले, कागदाची घडी केली आणि ती व्यासपीठावरून खाली उतरली. परतीच्या एसटीत बराच वेळ खिडकीबाहेर पाहून झाल्यावर ती म्हणाली, ‘सर, ती मन्ही माय नही शे.’ दहावीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती, पण तिने मला पुन्हा कविता दाखवली नाही.

त्या वेळच्या माझ्याजवळ एक युक्तिवाद होता, आणि तो आजही मला पुरता खोडून काढता येत नाही. बालकवी इथलेच, धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांचा तो मुलगा उभा राहिला आणि ‘बालकवी’ हे नाव त्याला तिथेच मिळाले. त्यांची मराठी खानदेशाबाहेरच्या वाचकाला कुठेही अडत नाही. आपल्या मुलांनाही तशी भाषा यावी, घरच्या बोलीमुळे त्यांना कोणी मागे ठेवू नये, ही माझी इच्छा चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी म्हटलेल्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १९५२ साली, त्या पुस्तकात आल्या त्या त्यांच्याच बोलीत. सोपानदेव स्वतः कवी होते. ओळ घासूनपुसून घेणे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगले जमले असते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत होतो आणि तरीही त्या मुलीच्या कागदावर लाल शाई चालवत होतो.

आता शनिवारी मूल आपली कविता स्वतः वाचते, ऐकणाऱ्यांपैकी प्रत्येकजण लक्षात राहिलेली एक ओळ सांगतो, आणि मला एखादा शब्द कळला नाही तर मी त्याचा अर्थ विचारतो. यात नुकसान होत नाही असे नाही. गेल्या वर्षी एका मुलाची कविता मी होती तशी स्पर्धेला पाठवली आणि ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा पडून ती परत आली. ‘सर, तुम्हाला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं?’ असे त्याने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. आता तो शुद्ध मराठीत लिहून आणतो, यमकेही जुळवतो. त्याच्या घरचा एकही शब्द मला त्या कवितेत सापडत नाही, पण तीही मी तपासत नाही.