तीन-अष्टमांश चोवीसचा आटा

वीतभर लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला अर्धा इंच आटा. एवढ्या एका वस्तूसाठी माझे सात आठवडे गेले. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. स्कूबाचा रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, स्वतः सर्व्हिस करायला निघालेल्या माणसाचे तरी हे दिवस वाचावेत.

मी जळगावचा. शेतविहिरीत अडकलेल्या मोटारी काढणं आणि जॅकवेलच्या (नदीकाठी पाणी उपसायच्या विहिरीच्या) जाळ्या साफ करणं हा माझा धंदा. समुद्र पाहायचा तर रेल्वेने ४२० किलोमीटरवर मुंबई, पण माझे दोन्ही सेट वर्षभर तापी-गिरणेच्या गाळात असतात. सर्व्हिसिंगला बाहेरगावी पाठवले की महिना-दीड महिना जातो. मागच्या खेपेला एक सेट अडीच महिन्यांनी परत आला आणि पहिल्याच दिवशी सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, फसफस हवा सुटायला लागली. मग मी रीतसर दुरुस्तीचा कोर्स केला, कंपनीचं मॅन्युअल आणि किट मिळवलं. राहिली फक्त हत्यारं. परदेशी संचाची किंमत ऐकून ती इथेच करायची ठरवली.

सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. सिलिंडरवर बसणारा फर्स्ट स्टेज तो साडेनऊ बारच्या आसपास आणतो आणि पुढे सेकंड स्टेज तोंडात श्वासापुरती हवा सोडतो. फर्स्ट स्टेज उघडायचा तर त्याची गोल, क्रोम केलेली पितळी बॉडी घट्ट धरावी लागते. थेट शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरली तर क्रोम खरवडतं, बॉडी चेपते. म्हणून लो-प्रेशर पोर्टमध्ये, म्हणजे कमी दाबाच्या होजच्या भोकात, आटे असलेला दांडा बसवायचा, दांडा शेगड्यात धरायचा आणि मग पाना लावायचा. या पोर्टचा आटा असतो ३/८ इंच, इंचाला २४, यूएनएफ म्हणजे बारीक इंची आटा.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये पोर्टचा प्लग नमुना म्हणून दिला. तिथल्या पोराने व्हर्नियर लावला, साडेनऊ मिलिमीटर. पिच गेजमधली (दोन आट्यांमधलं अंतर मोजायच्या दातेरी पट्ट्यांमधली) एक मिलिमीटरची पट्टी प्लगवर टेकवली आणि म्हणाला, "बसतंय. एक एमएम आहे, चालून जाईल." मी सांगितलं की हा इंची आटा आहे. त्यांच्या लेथवर फक्त मेट्रिक आटे पडायचे. "काका, एवढ्याशा फरकाने काय होतंय?"

घरी आणून दांडा हाताने फिरवला. दोन फेरे लोण्यासारखे गेले, तिसऱ्याला जड झाला. पाना हातातच होता आणि हात शिवशिवत होता. थांबलो, हे नशीब. इंचाला २४ म्हणजे एका आट्याला १.०५८ मिलिमीटर. आठ आट्यांत जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक साचतो. लोखंडाच्या दांड्यापुढे पितळ मऊ, जोर लावला असता तर पोर्टचे आटे कायमचे गेले असते. दांडा परत नेला, तर त्यांनी त्याच पिचचे आटे थोडे बारीक करून दिले. आता तो चार फेरे जायचा आणि डुलायचा. डुलणारा दांडा जाम होणाऱ्या दांड्याहून वाईट, कारण सगळा जोर दोन आट्यांवर येतो.

मग एका दुकानदाराकडे आटे पाडायचा डाय मागवला. रोज "उद्या येतो" ऐकत तीन आठवडे काढले. आला तो ३/८ चाच, पण इंचाला १६ वाला. मी कागदावर लिहून दिलेलं होतं, तो कागद त्यांच्या गल्ल्यावरच्या काचेखाली तसाच होता. बदलून द्यायलाही ते तयार नव्हते.

शेवटी भुसावळला एका नानांचा पत्ता लागला. रेल्वेतून रिटायर झालेले टर्नर, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ. त्यांनी प्लग घेतला, पिच गेजची २४ ची पट्टी टेकवून उजेडाकडे धरला. मला म्हणाले, "हे पाय भाऊ, उजेड दिसस का?" दिसत नव्हता. मग एक मिलिमीटरची पट्टी धरली, तर टोकाच्या दोन आट्यांपाशी बारीक फट उजळली. "हाऊ इंची आटा शे." त्यांच्या लेथचा लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा. २० आणि १२० दातांचे गियर चढवले की बरोबर २४ पडतात. चहा होईपर्यंत दांडा तयार. तिथेच पोर्टमध्ये बोटांनी फिरवला, शेवटपर्यंत गेला, कुठे अडला नाही की डुलला नाही. नानांनी दीडशे रुपये घेतले. मला पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलो.

बाकीची हत्यारं आठ-दहा दिवसांत झाली. ओ-रिंग (हवा अडवणारी रबराची गोल रिंग) काढायची आकडी पितळी ब्रेझिंग रॉडची केली. टोक कानशीने घासून चपटं केलं, पॉलिश पेपरने गुळगुळीत केलं. पोलादी आकडी वापरू नका. ओ-रिंगच्या खाचेत केसाएवढी रेघ उठली तरी नवी रिंगसुद्धा गळते. पिस्टनची धार ओ-रिंग कापू नये म्हणून तिच्यावर डेलरिनची (कडक प्लास्टिकची) गोळीसारखी टोपी केली, डेलरिनचा तुकडा प्लास्टिकवाल्याच्या भंगारात मिळाला. दुसऱ्या सेटच्या झाकणाला दोन भोकं आहेत, त्यासाठी अँगल ग्राइंडरचा पाना घेऊन त्याच्या पिना कानसल्या.

सफाईसाठी मशीन घ्यायची गरज पडली नाही. सराफाकडे दागिने धुवायचं अल्ट्रासोनिक असतंच. पितळी भाग अर्धं व्हिनेगर, अर्ध्या पाण्यात काही मिनिटं. नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी. रबर आणि ॲल्युमिनियम त्यात टाकू नका.

सीट (व्हॉल्व्ह ज्यावर टेकून हवा बंद होते ती गादी) आणि ओ-रिंगा कंपनीच्या किटमधल्याच घाला. हायड्रॉलिक सीलच्या दुकानात तशीच दिसणारी रिंग पाच रुपयांत मिळते. मी घेतली नाही.

तपासणीसाठी २१ किलोपर्यंत दाब दाखवणारा ग्लिसरीनचा गेज घेऊन तो बीसीडीच्या (अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटच्या) होजला जोडला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. सेकंड स्टेजवरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबून सोडल्यावर काटा झटकन जागेवर यायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. सावकाश वर सरकत राहिला तर हाय-प्रेशर सीट गेली समजा. सेकंड स्टेज बादलीत माउथपीस वर ठेवून, डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) खाली करून बुडवत न्या. डायफ्रॅम साधारण तीन सेंटिमीटर खाली गेल्यावर फसफस सुरू झाली म्हणजे ठीक. मी साध्या हवेवरच काम करतो. ऑक्सिजन वाढवलेल्या हवेसाठी सफाई आणि ग्रीस दोन्ही वेगळं लागतं, तिथे या घरगुती पद्धतीने जाऊ नका.

पहिल्या रात्री सेट जोडून ठेवला आणि तासातासाने उठून बघितलं. काटा साडेनऊवर, पहाटे चारलाही साडेनऊवर.

राहिलंच. गेज लावून तपासताना सेकंड स्टेज काढून ठेवू नका. फर्स्ट स्टेज फसला तर जास्तीचा दाब सेकंड स्टेजमधूनच बाहेर पडतो. तो नसला तर होज किंवा गेज तोंडावर फुटेल.