बाबा, फियाट आणि तंबूतले तिघे

आमच्या बाबांना इंग्रजी येत नाही. क्लच प्लेट, वॉशर, टॅपेट, रेडिएटर ही त्यांच्या मते मराठीच. तरी ‘टॉप गिअर’ हा बीबीसीचा गाड्यांचा कार्यक्रम त्यांच्याइतका मन लावून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाबांनी पस्तीस वर्षं भायखळ्याच्या एका गॅरेजात काळ्या-पिवळ्या फियाट दुरुस्त केल्या. त्यांची तपासणीची एक पद्धत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, “तिसऱ्याचा टॅपेट ढिला आहे.” टॅपेट म्हणजे इंजिनाची झडप हलवणारा भाग, ढिला पडला की टकटक वाजतो. टीव्हीही ते तसाच बघायचे. तिघं काय बडबडतात याच्याशी देणंघेणं नाही. इंजिन चालू झालं की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचं.

चिंचपोकळीच्या चाळीत तेव्हा केबलवर बीबीसी एंटरटेन्मेंट लागायचं. बाबा आठच्या आत जेवून घ्यायचे. गॅरेजातले दोघे-तिघे यायचे, एक पलंगावर, बाकीचे उंबऱ्यात. तिघा सूत्रसंचालकांना बाबांनी नावं दिली होती. उंच, पोट सुटलेला, मोठ्याने बोलणारा जेरेमी क्लार्कसन म्हणजे ‘पाटील’. रिचर्ड हॅमंड ‘छोटू’. केस वाढवलेला, सगळं सावकाश करणारा जेम्स मे ‘मास्तर’. मास्तर बाबांचा लाडका, कारण तो पाने वापरून झाल्यावर जागच्या जागी ठेवतो. माझं काम भाषांतराचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि निम्मं मलाही कळायचं नाही, ते मी बिनधास्त मनाचं सांगायचे.

२०१२ च्या अखेरीस ते चॅनेल भारतात बंद झालं. मग दादा कुणाकडून तरी पेनड्राइव्ह आणायचा. त्यात एकदा भारतातला भाग आला. तिघं जुन्या जॅग्वार, रोल्स रॉइस आणि मिनी घेऊन मुंबईत येतात आणि डबेवाल्यांशी डबे पोचवायची शर्यत लावतात. जॅग्वारच्या डिकीवर संडासाचं भांडं बसवलेलं होतं. त्यावरून पुढे भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली होती. बाबांना संडासाचं काही वाटलं नाही. राग आला तो डब्यांचा. “लोकाच्या घरचं जेवण आहे, आणि हा पाटील डबे कसे टाकतोय बघ,” म्हणाले आणि उठून बाहेर गेले. दोन दिवस त्यांनी पाटलाचं नाव काढलं नाही.

मार्च २०१५ मध्ये पाटील खरोखरच गेला. शूटिंगनंतर हॉटेलात गरम जेवण मिळालं नाही म्हणून त्याने एका निर्मात्यावर हात उचलला. बीबीसीने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही आणि पाठोपाठ छोटू, मास्तरही बाहेर पडले. मी पेपरातली बातमी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, “उपाशी माणूस चिडणारच. पण हात उचलला की संपलं. आमच्याकडे एका उस्तादाने पोराला पाना फेकून मारला, तर शेटने उस्तादालाच घालवलं.” थोड्या वेळाने म्हणाले, “आता दुसरं गॅरेज बघेल.”

त्यांनी बघितलंही. जुलैमध्ये बातमी आली की तिघांनी ॲमेझॉनशी ३६ भागांचा करार केला. नाव पुढे ठरलं, ‘द ग्रँड टूर’. मी उत्साहाने सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, “किती नंबरला लागणार?” चॅनेल नाही, इंटरनेटवर, पैसे भरून, असं मी समजावलं. “म्हणजे केबलवाल्याला द्यायचे ते वेगळे?” वेगळे. बाबांनी मान हलवली आणि चहाचा कप खाली ठेवला. या एका प्रश्नावर गेली इतकी वर्षं आख्खी मुंबई मान हलवते आहे.

१४ डिसेंबर २०१६ ला प्राइम व्हिडिओ भारतात आलं. तेव्हा वर्षाचे ४९९ रुपये. तो महिना आठवतोय ना? नोटबंदी होऊन महिना झालेला, एटीएमबाहेर रांगा, आणि फोनमध्ये मात्र जिओचं फुकट इंटरनेट. घरात दोन हजारची एक नोट होती, जी वाणी सुट्टी करून देत नव्हता. माझ्या कार्डावरचे ४९९ तेवढे सहज गेले. तिकडे नोव्हेंबरपासूनच दर शुक्रवारी एक भाग येत होता, त्यामुळे आम्हाला पहिल्याच दिवशी चार भाग तयार मिळाले. रात्री बाबांचे दोन दोस्त आले. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. चार डोकी पाच इंचांवर वाकलेली. सुरुवातीलाच अमेरिकेच्या वाळवंटात गाड्यांची फौज, आकाशात विमानं. दादा डोंबिवलीहून व्हॉट्सॲपवर लिहीत होता, “पैसा बघ पैसा!” मग मॅक्लॅरेन, पोर्श आणि फेरारी या तिघींची शर्यत. “फेरारीत आपल्या फियाटचा पैसा होता बरं का,” असं बाबांनी दोस्तांना सांगितलं. ते खरंही आहे. १९६९ मध्ये फियाटने फेरारीतला अर्धा हिस्सा घेतला होता.

आणि इंजिन चालू झालं. बाबांनी हात वर केला. फोनच्या इवल्या भोकातून जो आवाज आला तो ऐकून त्यांनी हात खाली घेतला. “ही काय फेरारी? डबड्यात माशी कोंडल्यासारखं वाजतंय.” दोस्त हसले. बाबा हसले नाहीत.

नवा कार्यक्रम लोकांना आवडला का, यावर तेव्हा ऑफिसच्या डब्याच्या वेळेतही वाद व्हायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळंच भव्य वाटायचं. माझं मत दुसरं होतं. वेगवेगळ्या देशांत तंबू ठोकायचा ही कल्पना छान, पण तंबूत बसून पुन्हा तेच स्टुडिओतले विनोद. जुन्या गॅरेजातले पाने-पकडी सोबत आणता आल्या नव्हत्या हे दिसत होतं. गाड्या पळवून बघणारा हेल्मेटवाला मुका स्टिग तिकडे ‘टॉप गिअर’कडेच राहिला, म्हणून इकडे एक अमेरिकन चालक आणला. तो दर गाडीला नावं ठेवायचा. पाहुण्यांना स्वस्त गाडीतून ट्रॅकवर पळवायचा खेळही तिकडेच राहिला, म्हणून इकडे पाहुणा तंबूत पोचायच्या आत ‘मरायचा’. पहिल्या भागात एकदम तिघं मेले, पुढे शार्लीझ थेरॉनला सिंहाने खाल्लं, मग सायमन पेग समुद्रात बुडाला. बाबा एकदाच म्हणाले, “हे लोक गाडीपर्यंत पोचतच नाहीत का?” पुढच्या हंगामात चालक बदलला, पाहुण्यांचं मरणं थांबलं आणि तंबूही इंग्लंडात एका जागी बसला. म्हणजे तक्रार करणारी मी एकटीच नव्हते. (तिकडे बीबीसीने २०१६ मध्ये नवी टोळी आणली. त्यातला ख्रिस इव्हान्स एका हंगामात निघून गेला. ते आमच्या घरात कुणी बघितलंच नाही.)

पुढच्या वर्षी नवऱ्याने टीव्हीला लावायची काडी आणली. पडदा मोठा झाला, आवाज सुधारला. पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. बाबांचे दोस्त यायचे थांबले होते. भांडण नाही, काही नाही. एकाच्या मुलाने त्याच्या फोनवर लावून दिलं, दुसरा विरारला गेला. बाबा शुक्रवारी आठला जेवून बसायचे. मी ऑफिसातून येईपर्यंत साडेनऊ व्हायचे, कधी दहा. “लावा ना तुम्ही, बटण दाखवलंय ना,” मी म्हणायचे. “लावतो,” म्हणायचे आणि लावायचे नाहीत. दोनदा तर मी भाग ट्रेनमध्येच बघून टाकला, हेडफोन लावून, दादर ते चिंचपोकळी तुकड्या-तुकड्यांत. घरी आल्यावर बाबांबरोबर बघताना पुन्हा नवं वाटल्यासारखं तोंड केलं. त्यांना कळलं असणार. ज्यांना कानाने टॅपेट कळतो त्यांना तेवढं कळत नाही होय?

२०१९ मध्ये तंबू बंद झाला, क्लार्कसनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानंतर फक्त लांबलचक प्रवासाचे भाग यायला लागले. पहिलाच प्रवास बोटींचा. कंबोडियातून व्हिएतनामपर्यंत मेकाँगवरून. गाड्यांच्या कार्यक्रमात गाडीच नाही! दादा वैतागला, ऑफिसातला सहकारी वैतागला. बाबांना मात्र इतकं काही आवडलं! ते गुहागरकडचे, लहानपण होडीत गेलेलं. बोटी समुद्राकडे निघाल्या तसे पलंगाच्या कडेला सरकले. “आता मास्तर मरतो,” म्हणाले. वारा कुठून येतोय ते मला हाताने दाखवत होते. त्या दीड तासात मला काहीच भाषांतर करावं लागलं नाही.

ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतल्या शेवटच्या फियाट टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. ती २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टीव्हीवर बातमी दाखवली. बाबांनी बघितली आणि औषधाची गोळी घेतली. मी काहीतरी बोलेन म्हणून बाबा वाट बघत होते बहुतेक. मला काही सुचलं नाही.

वर्षभराने, १३ सप्टेंबर २०२४ ला, तिघांचा शेवटचा भाग आला. तेव्हा गणपती सुरू होते, खाली मंडळाचा स्पीकर. मी मुद्दाम रजा टाकली होती. झिम्बाब्वेतला प्रवास. पाटलाकडे लान्चिया, छोटूकडे तीन लिटरची फोर्ड कॅप्री, मास्तरकडे ट्रायम्फ स्टॅग. तिन्ही जुन्या, तिन्ही दुरुस्तीजोग्या. शेवट बोत्स्वानातल्या कुबू बेटावर, जिथे हे तिघं २००७ च्या भागातही आले होते. मला रडू येत होतं आणि ते मी आवरत होते.

बाबांच्या हातात मात्र रिमोट होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भाग संपला तसा त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

“मागे कसं घ्यायचं?”

“किती मागे?”

“ती लाल... नाही, छोटूची. चालू करतो तिथं.”

शोधायला वेळ लागला. सापडलं. बाबांनी खिडकी लावून घेतली, मंडळाचा आवाज जरा कमी झाला. टीव्हीजवळ स्टुलावर बसले, कान स्पीकरला, डोळे मिटलेले. कॅप्री चालू झाली. हात वर.

“परत.”

दहा सेकंद मागे. “परत.”

चौथ्या वेळेला डोळे उघडले. “वाजतोय बघ टॅपेट,” म्हणाले. “मास्तरला सांगायला पाहिजे होतं.”