पत्र खोटं, पाप खरं

सोमवार, रात्री

सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर आज पुन्हा तोच वाद: 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत ड्रॅगन बाळगणाऱ्या डेनेरिस राणीनं शेवटी राजधानीचं शहर का जाळलं? मालिकेचा शेवटचा एपिसोड भारतात २० मे २०१९ ला, सोमवारी सकाळी साडेसहाला आला होता. त्या मे महिन्यात सोलापुरात ऊन डोक्यावर यायच्या आत तो बघून संपवायचा, आणि ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासमोर दिवसभर तोंड बंद ठेवायचं, असा रिवाज होता. इतकी वर्षं झाली तरी हा वाद शिळा होत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत एकाच कट्ट्यावर चालतो आणि आवाज तिन्हींत सारखाच चढतो.

वाद चालावा, त्यात आनंद आहे. पण तो अडतो नेहमी एकाच जागी. दोन वेगळे प्रश्न एकात कालवले जातात. हे होणार अशी चाहूल आधी दिली होती का, हा एक प्रश्न. त्या घटकेला त्या पात्राला तसं का करावंसं वाटलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर म्हणजे खूण, दुसऱ्याचं उत्तर म्हणजे कारण. दहा खुणा जमवल्या तरी त्यांचं एक कारण होत नाही. एक जण खुणा मोजत बसतो, दुसरा कारण मागत बसतो, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला कळतच नाही.

दोन्ही गोष्टी जुळल्या की ट्विस्ट कसा उभा राहतो ते बघायचं असेल तर लायसाचं पत्र घ्यावं. माझ्या मते सगळ्या मालिकेतलं सर्वांत पक्कं काम तेच आहे. लाल लग्नाचा, म्हणजे लग्नाच्या मेजवानीतल्या कत्तलीचा, धक्का मोठा, पण कारागिरी या पत्रात.

पहिल्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये विंटरफेलच्या नेड स्टार्कची बायको कॅटलिन हिला बहिणीचं, म्हणजे लायसाचं, पत्र येतं: नवरा जॉन ॲरिन याचा खून झालाय आणि तो राणीच्या माहेरच्या लॅनिस्टरांनी केलाय. त्या पत्रामुळे नेड राजधानीला जायला तयार होतो. चौथ्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्ये लायसा लग्नाच्या उतावीळपणात बोलून जाते की जॉनच्या वाइनमध्ये विष तिनंच घातलं, आणि लॅनिस्टरांचं नाव लिहून ते पत्रही तिनंच धाडलं. दोन्ही लिटलफिंगर या कारस्थानी दरबाऱ्याच्या सांगण्यावरून. मधे तेहतीस एपिसोड गेले. तोवर बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या पत्रावर शंका घ्यावी असं सुचलंसुद्धा नव्हतं.

ते का सुचलं नाही, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. लॅनिस्टरांनी विष घातल्याचं एकही दृश्य मालिकेत नाही. आपण फक्त पत्रातला आरोप ऐकला. पण त्याच पहिल्या एपिसोडच्या शेवटी नेडचा लहान मुलगा ब्रॅन बुरुजावर चढतो, राणी सर्सी लॅनिस्टर आणि तिचा भाऊ जेमी यांना नको त्या अवस्थेत बघतो आणि जेमी त्याला खाली ढकलतो. पाप खरंच घडलं, डोळ्यांदेखत घडलं. मग पत्रातला आरोपही खराच असणार, असं मन आपणहून धरून चाललं. खोट्या आरोपाला खऱ्या पापाची साक्ष मिळाली. प्रेक्षकाला कुणी फसवलं नाही, त्यानं स्वतःच बेरीज केली.

आणि कारण? ते तर आधीच मांडून ठेवलेलं. लिटलफिंगर म्हणजे लहान घराण्यातला मुलगा, कॅटलिनवर प्रेम, तिच्यासाठी द्वंद्वात हरलेला, मोठ्या घराण्यांनी कायम खालचा लेखलेला. ही सगळी माहिती पहिल्या सीझनमध्येच मिळते. लायसा पहिल्यांदा दिसते ती पाचव्या एपिसोडमध्ये, मोठ्या झालेल्या मुलाला अंगावर पाजताना. आपण समजलो दुःखानं सैरभैर झालेली विधवा. सगळं कळल्यावर तोच प्रसंग पुन्हा बघितला की तिच्यात भेदरलेली गुन्हेगार दिसते. संवाद तेच, चेहरा तोच.

सोलापुरी चादर उलटी करून बघितली की हेच होतं. धागे तेच, नक्षी तीच, फक्त या बाजूला जो रंग जमिनीचा तो त्या बाजूला फुलाचा. चांगल्या ट्विस्टला हीच कसोटी लावावी. उत्तर कळल्यावर मागचे चार-पाच प्रसंग काढून बघायचे. प्रत्येक प्रसंग दोन्ही बाजूंनी नीट लागला तर वीण पक्की. एखाद्या प्रसंगात पात्र एकटं असताना, कुणालाच फसवायचं नसताना, खोट्या बाजूनं वागलं असेल तर समजावं की ट्विस्ट नंतर सुचलाय.

याच कसोटीवर खंजिराचं प्रकरण मात्र फाटतं. दुसऱ्या एपिसोडमध्ये बेशुद्ध ब्रॅनला मारायला माणूस येतो, त्याच्या हातात तो खंजीर. तिसऱ्यात लिटलफिंगर सांगतो की खंजीर आपलाच होता, पैजेत सर्सीचा धाकटा भाऊ टिरियननं जिंकला. चौथ्यात कॅटलिन टिरियनला खाणावळीत पकडते आणि तिथून युद्धाला तोंड फुटतं. सातव्या सीझनच्या शेवटी ब्रॅनची बहीण आर्या लिटलफिंगरला तोंडावर सांगते की खंजीर तुझाच होता. कट्ट्यावर बहुतेक जण यावर समाधानी असतात. पण हिशेब करा. विंटरफेलला यायला राजाला महिना लागला, हे सर्सी पहिल्याच एपिसोडमध्ये सांगते. ब्रॅन पडला तेव्हा लिटलफिंगर राजधानीत. बातमी तिथे पोचणार कधी, माणूस धाडणार कधी, आणि लहान मुलाला मारण्यात त्याचा फायदा काय? मूळ कादंबऱ्यांत संशय सर्सीचा मुलगा जॉफ्री याच्यावर जातो आणि तो काळाच्या हिशेबात बसतो, कारण जॉफ्री तिथेच होता. मालिकेनं ते उत्तर दिलंच नाही. खंजीर पुढे ब्रॅनकडून आर्याकडे जातो, लिटलफिंगरचा गळा त्यानंच कापला जातो आणि मृतांच्या फौजेचा राजा नाइट किंगही त्यानंच मरतो. वस्तूचा प्रवास झकास जमलाय. पण पहिल्या रात्री ती कुणी दिली, ही गाठ सुटलेली नाही.

आता डेनेरिस. इथे घाई नको, कारण दोन्ही बाजूंकडे खरा पुरावा आहे.

खुणा मोजणाऱ्यांची यादी भरभक्कम असते. पहिल्या सीझनमध्ये भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जातं तेव्हा ती नजर वळवत नाही. मिरी माझ डूर या चेटकिणीला चितेवर जिवंत जाळते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी दगा देणाऱ्या झारोला आणि दासी डोरियाला तिजोरीत कोंडून निघून जाते. त्याच एपिसोडमध्ये तिला छप्पर उडालेला सिंहासनाचा दरबार दिसतो आणि वरून पांढरं काहीतरी पडत असतं. तेव्हा ते बर्फ वाटलं, आठव्या सीझननंतर राख. तिनं जिंकलेल्या मिरीन शहरात १६३ गुलाम मुलांना खांबांवर ठोकलेलं होतं म्हणून तिनं १६३ मालक ठोकले, आणि दोनच एपिसोडनंतर त्यातल्या एका मालकाचा मुलगा हिझदार येऊन सांगतो की आपला बाप मुलांना ठोकण्याच्या विरोधात बोलला होता. सातव्यात टार्ली बापलेक जाळले. ही शेवटची दोन उदाहरणं सर्वांत वजनदार आहेत, कारण तिथे तिनं माणूस बघून न्याय केला नाही, आकडा आणि गट बघून केला.

दुसऱ्या बाजूकडे एकच प्रसंग असतो, पण तो पुरेसा आहे. चौथ्या सीझनचा शेवट. एक गरीब माणूस दरबारात गाठोडं घेऊन येतो. उघडतो तर आत जळालेली हाडं: तीन वर्षांची मुलगी, डेनेरिसच्या ड्रोगॉन या ड्रॅगननं जाळलेली. डेनेरिस उरलेल्या दोन ड्रॅगनांना स्वतःच्या हातानं भुयारात साखळ्या घालते. ते मागून ओरडत असतात आणि ती रडत बाहेर पडते. एका मुलासाठी जिनं आपली सगळी ताकद बांधून ठेवली, ती हजारो मुलं कशी जाळेल? या प्रश्नाला झारोचं किंवा टार्लीचं नाव घेणं हे उत्तरच नाही. झारो विश्वासघातकी होता, टार्लींनी शरण यायला नकार दिला होता. गल्लीतल्या बाईनं काय केलं होतं?

म्हणजे खुणा आहेत. आता कारण शोधायचं, तर आठव्या सीझनचा चौथा आणि पाचवा एपिसोड एवढीच जागा उरते. तिचा ड्रॅगन रेगाल मेला, मैत्रीण मिसांडेचं डोकं उडवलं गेलं, सल्लागार व्हॅरिसनं दगा दिला, प्रियकर जॉन स्नोनं हात आखडता घेतला. पाचव्यात ती जॉनला म्हणते की प्रेम मिळत नसेल तर मग भीतीच चालेल. हे कारण आहे आणि चांगलं कारण आहे. पण ते थंड डोक्याचं कारण आहे. भीतीनं राज्य करायचं ठरवलेली राणी सकाळीच जाळायला सुरुवात करेल. ती शरणागतीच्या घंटेची वाट बघणार नाही. पडद्यावर मात्र उलटं आहे. सैनिक तलवारी टाकतात, घंटा वाजतात, लढाई जिंकलेली आहे, आणि मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी फुटतं. हे थंड धोरण नाही, हा उद्रेक आहे. लिहिणाऱ्यांनी दोन कारणं तयार केली आणि एकाचे संवाद दुसऱ्याच्या अभिनयाला जोडले. वाद मिटत नाही तो म्हणूनच. दोन्ही पक्ष वेगवेगळ्या अर्ध्याकडे बोट दाखवतात.

त्याहून मोठी चूक पुढच्या क्षणी आहे. ड्रोगॉन उडतो, आणि तिथून त्या एपिसोडमध्ये तिचा चेहरा पुन्हा दिसतच नाही. कॅमेरा खाली गल्लीत, आर्याबरोबर, राखेत. गल्लीतली दृश्यं जबरदस्त आहेत, यात शंका नाही. पण ज्या घटकेला कारण दिसायला हवं, त्याच घटकेला चेहरा काढून घेतला. तिथे एक मिनिट तिच्याजवळ थांबले असते तर कट्ट्यावरचे निम्मे वाद उरले नसते.

जेमीचं थोडक्यात, कारण ते मला तितकं कठीण वाटत नाही. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या एपिसोडमध्ये, हॅरनहॉलच्या न्हाणीघरात, तो सोबतच्या ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला सांगतो की वेडा राजा सगळं शहर जाळणार होता म्हणून त्यानं राजाला मारलं. आठव्यात टिरियनला म्हणतो की शहरातल्या लोकांची आपल्याला कधी फारशी पर्वा नव्हती. लोक दुसरं वाक्य घेऊन म्हणतात, लेखक विसरले. कुठलंही वाक्य पुरावा म्हणून धरण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात: कोण बोलतंय, कुणाशी, आणि बदल्यात काय हवंय. न्हाणीघरात त्याचा हात तुटलाय, अंगात ताप आहे, मिळवायचं काही नाही. ते वाक्य खरं. टिरियनसमोर तो साखळदंडात आहे, सर्सीकडे निघालाय, आणि स्वतःला कवडीमोल ठरवल्याशिवाय त्याला तिकडे जाता येणार नाही. दुसऱ्या वाक्यात तो स्वतःचीच समजूत घालतोय.

मुलाखती पुराव्यात धरू नयेत, हेही आज ठरलं. एका निर्मात्यानं सांगितलं होतं की डेनेरिस सर्सीच्या बाजूच्या युरॉनच्या आरमाराला जवळजवळ विसरलीच होती. सातव्या सीझनमध्ये त्याच आरमारानं दोन वेळा तिची जहाजं मारली होती. पडद्यावर जे नाही ते बाहेरून सांगून भरता येत नाही. आणि अंतराचा हिशेब तर सातव्या सीझनमध्ये सुटलाच: उत्तरेत अडकलेल्या जॉन स्नोच्या टोळीतला गेंड्री पळत भिंतीपर्यंत जातो, निरोपाचा कावळा डेनेरिसच्या ड्रॅगनस्टोन बेटावर पोचतो, डेनेरिस उडत येते, आणि ही टोळी अजून त्याच गोठलेल्या तळ्यावर. चादर विणणाऱ्या जकार्ड मागाच्या एका पंचकार्डात भोक चुकीचं पडलं की दोष एकदा येऊन थांबत नाही, नक्षीच्या प्रत्येक फेरीत येतो. अंतराचं तसंच झालं. एकदा ढिलं सोडलं, मग कोण कधी कुठे पोचेल याला धरबंध उरला नाही, आणि 'त्याला तेव्हा काय माहीत होतं' हा प्रश्नच विचारता येईना.

शेवटी गाडी त्याच जगातल्या, आधीच्या काळातल्या 'हाउस ऑफ द ड्रॅगन' मालिकेवर आली, ते बरं झालं. तिथे हेतूचं काम जास्त बारीक आहे. पहिल्या सीझनच्या आठव्या एपिसोडमध्ये मरणपंथाला लागलेला राजा व्हिसेरिस अफूच्या गुंगीत एगॉनच्या स्वप्नाबद्दल पुटपुटतो. तो बोलतोय जुन्या पूर्वजाबद्दल, त्याच्या राणीला, ॲलिसेंटला, वाटतं त्याच नावाच्या आपल्या मुलाबद्दल. आजोबा-पणजोबांचं नाव पोरांना ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा घोळ समजावून सांगावा लागत नाही. आपण पूर्ण बोलणं ऐकलेलं असतं, तिनं फक्त शेवट ऐकला. म्हणून ती खोटारडी ठरत नाही. ती चुकते, आणि का चुकते ते पूर्ण दिसतं. तरी कट्ट्यावर एकाचं म्हणणं होतं की तिला तसंच ऐकायचं होतं. हेही बरोबर असू शकतं, आणि असा वाद घालायला मजा येते, कारण दोघेही एकाच वाक्याकडे बघत असतात.

आणि ॲलिसेंटचा एक डोळा गेलेला मुलगा एमंड. त्याचा प्रसंग असलेला, त्याच सीझनचा शेवटचा एपिसोड आपल्याकडे आला २४ ऑक्टोबर २०२२ ला, अभ्यंगस्नानाच्या सकाळी. वादळात तो भाचा ल्यूसेरिस याचा पाठलाग करतो, डिवचत, हसत. ल्यूसेरिसचा लहानसा ड्रॅगन न ऐकता एमंडच्या अवाढव्य ड्रॅगनवर, व्हेगारवर, आग सोडतो. मग व्हेगार पिसाळते, एमंड ओरडून आवरायला बघतो, ती ऐकत नाही, आणि ढगांच्या वर एका घासात सगळं संपतं. त्यानंतर कॅमेरा कुठेही पळत नाही. तो एमंडच्या चेहऱ्यावर थांबतो. घाबरवायचं होतं, मारायचं नव्हतं, आणि आता हे कुणाला सांगूनही उपयोग नाही, हे सगळं त्या एका डोळ्यात एकही शब्द न बोलता दिसतं. २०१९ मध्ये घंटा वाजल्यावर नेमकं एवढंच हवं होतं.