आजोबांचा धोटा आणि परळ-वरळीची एक चक्कर

आजोबांचा धोटा, म्हणजे गिरणीतल्या मागावर आडवा दोरा नेणारं साधन, आमच्या शोकेसमध्ये आहे. दीड वीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड, बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. परवाच्या रविवारी तो पिशवीत टाकला आणि डोंबिवलीहून स्लो लोकलने परळला उतरलो.

आधी पोयबावडी, बीआयटी चाळ नंबर एक. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब राहिले. कोलंबिया, लंडन करून आलेला बॅरिस्टर आणि ही गॅलरी! बाहेर दोऱ्यांवर कपडे वाळत होते, कुठेतरी बोंबील तळणं चाललं होतं. मी उगाच दबक्या पावलांनी चाललो. एक मावशी म्हणाल्या, "बिनधास्त या, रोज येतात लोकं."

धोटा बरोबर घेण्याचं कारण इथलंच. गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार सगळ्यात चांगला. पण बाबीन, म्हणजे धोट्यातली सुताची रीळ, बदलली की तुटलेला दोरा या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड. म्हणून विटाळ! अस्पृश्य कामगार त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, चालत, साच्यावर नाही. हा नियम मालकांनी केलेला नव्हता, शेजारी उभ्या राहणाऱ्या कामगारांचाच होता. १९२८ चा सहा महिन्यांचा संप लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनचा. त्यात बाबासाहेबांनी साचाखातं खुलं करण्याची मागणी लावून धरली, तेव्हा पुढाऱ्यांनी ती कशीबशी यादीत घेतली. मालकांनी हात झटकले, हा अन्याय असेल तर आमचा नव्हे. तेवढ्यापुरतं ते खरंही होतं. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात बाबासाहेबांचा निळा आणि कम्युनिस्टांचा लाल एकत्र उतरले, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध. आजोबा संपांच्या गोष्टी रंगवून सांगायचे. भोकाची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही.

लोअर परळला थांबलो नाही. मॉलमध्ये जपून ठेवलेली गिरणीची चिमणी बसमधून दिसली, तेवढी पुरे.

वरळीला जांबोरी मैदानाजवळ उतरलो. इथल्या १२१ बीडीडी चाळी इंग्रजांच्या काळातल्या, १६० फुटांची खोली. आता टॉवर उठतायत. जानेवारी १९७४ मध्ये इथेच दलित पँथरच्या सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. दक्षिण मध्य मुंबईची पोटनिवडणूक तोंडावर होती, पँथरने बहिष्कार पुकारला होता. १० तारखेच्या मोर्चात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. भर गिरणगावात, एकाच भोंग्यावर उठणाऱ्या माणसांमध्ये.

पिंपळाखाली एक आजोबा पेपर वाचत बसले होते. ऐंशीच्या घरातले असावेत. मी धोटा काढला. त्यांनी तो हातात घेऊन तोलला, अंगठ्याने भोक चाचपलं.

"कुणाचा?"

"माझ्या आजोबांचा."

"माझा बाप बावीस वर्षं त्रासनमध्ये. कापूस खाऊन खाऊन खोकायचा." मग जरा थांबून, "तुमचे साच्यावर होते?"

"हो."

त्यांनी धोटा सावकाश परत दिला.

"मग घरात पैसा बरा येत असणार," म्हणाले आणि पेपर उचलला.