आधी जात्यावर बसावे लागते

तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात नववीच्या ४६ वह्या घरी आणून मी तपासायला बसले होते. विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’. पहिल्या पाच-सहा वह्यांत धरतीने हिरवा शालू नेसला, तेव्हा मी बरोबरची खूण करून पुढे गेले. पण शालूंची संख्या वाढू लागली तशी मी कागदाच्या कडेला रेघा मारून मोजायला लागले आणि तो आकडा अखेरीस १९ वर जाऊन थांबला. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. त्या वर्षी अर्धा जुलै सरला तरी पेरण्या खोळंबल्या होत्या आणि शाळेच्या मागच्या वस्तीवर टँकर येत होता. शालू कुठून आला हे सांगायला नको. गावातल्या दोन्ही स्टेशनरी दुकानांत एकच निबंधमाला मिळते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला भरपूर सुनावले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले लिहा, स्वतःच्या मनातले लिहा, असे बरेच काही बोलले. बोलून झाल्यावर मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने अगदी सरळ आवाजात विचारले, “बाई, तुम्ही लिहिता का?” त्यात उद्धटपणा नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी “हो” म्हणाले आणि फळ्याकडे वळले. वस्तुस्थिती अशी होती की महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातल्या एका कवितेनंतर मी सतरा वर्षांत पाठ टाचण, अहवाल आणि रजेचे अर्ज यांपलीकडे एक ओळही लिहिलेली नव्हती.

सर्जनशील कामासाठी प्रेरणा हवी असे आपण म्हणतो, तेव्हा ती पावसासारखी वरून कधीतरी यायची आहे आणि तोवर आपण आभाळाकडे पाहत थांबायचे आहे, असे काहीसे आपल्या मनात असते. आपल्या भाषेतली म्हण मात्र याच्या नेमके उलट सांगते: जात्यावर बसले की ओवी सुचते. ही म्हण मी शेकडो वेळा फळ्यावर लिहून तिचा अर्थ मुलांकडून घोकून घेतला असेल. पण ती आपल्यालाही लागू आहे, हे त्या मुलीने विचारल्यावर माझ्या लक्षात आले. दळणाऱ्या बाईला ओवी रचायची म्हणून ती पहाटे उठत नव्हती. घरात पीठ नव्हते म्हणून उठत होती. हात ठरावीक गतीने फिरायला लागला की त्या गतीवर शब्द येत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी ज्या बायकांनी रचल्या वा गायल्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आणखी एक गोष्ट आपण म्हण शिकवताना सांगत नाही. जात्यावर पुष्कळदा दोघी बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात असत, आणि त्यामुळे ओवीला जन्मतःच एक ऐकणारी असे.

या ऐकणारीचा विचार मी बरेच दिवस करत होते. नववीचा निबंध कोण वाचतो? मी वाचते, तेही ४५ वह्या शिल्लक असताना, हातात लाल पेन घेऊन. आपले लेखन ज्याला खरोखर ऐकायचे आहे असे कोणीच समोर नसेल, तर मुलाने निबंधमालेतला शालू का उचलू नये? साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहिलेले दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोज. ज्यांच्यासाठी ते लिहायचे ती मुले भिंतीपलीकडेच झोपलेली असत आणि सकाळी उठून वाचणार असत. पुढे त्यांनी जे विपुल लेखन केले, त्याचा सराव या मूठभर वाचकांच्या संगतीत झाला असावा, असे मला नेहमी वाटते.

आमच्या शाळेत हस्तलिखिताची, म्हणजे मुलांनी हाताने लिहून काढलेल्या अंकाची, परंपरा जुनी आहे. पण ती दर डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस जागी होई आणि पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन झाले की कपाटात जाऊन झोपे. आम्ही दोन बदल केले. पहिला म्हणजे शुक्रवारच्या शेवटच्या तासाची पहिली दहा मिनिटे लिहिण्यासाठी राखली आणि त्या दहा मिनिटांत मीही लिहायचे ठरवले, तेही वहीत लपून नव्हे, तर फळ्यावर. दुसरा म्हणजे महिनाअखेरीस त्यांतली सात-आठ पाने दोऱ्याने शिवून वर्गाच्या खिडकीत टांगायची, म्हणजे मधल्या सुट्टीत ज्याला हवे त्याने ती उभ्या उभ्या वाचावीत.

पहिल्या शुक्रवारी मी औदार्याने “कोणत्याही विषयावर लिहा” म्हणाले आणि वर्ग गप्प झाला. पुढच्या आठवड्यात मी विषय इतका लहान केला की मुलांना हसू आले: काल घरात पाऊल टाकल्यावर सगळ्यात आधी कसला वास आला? त्या दिवशी दहा मिनिटे पुरली नाहीत. कोणी गोठ्याचा वास लिहिला, कोणी फोडणीचा, तर एकाने आजोबांना लावलेल्या मलमाचा. पुढे पाऊस झाला तेव्हा पुन्हा पावसावर लिहायला सांगितले. मात्र अट अशी घातली की पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत घरात जे होते तेवढेच लिहायचे. एका मुलाने लिहिले, “पाऊस आला की आई आधी शेणी आत घेते, मग मला.” हे वाक्य मी खिडकीत टांगले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गातली मुलेही ते म्हणून दाखवू लागली. लिहिणारा मुलगा आठवडाभर थोडा लाजल्यासारखा आणि थोडा राजासारखा वागत होता. मोकळीक दिली की कल्पना बहरते ही माझी बी.एड.पासूनची समजूत होती. ती निदान तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबाबत अर्धीच खरी आहे. मोकळे मैदान दिले की मूल बुजते आणि अंगणाएवढी चौकट आखून दिली की तिच्यात खेळायला लागते.

फळ्यावर लिहिताना माझे काय झाले तेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याच आठवड्यात चौथ्या ओळीवर मी अडकले. पाठीमागे ४६ पेनांचा आवाज होता, हातात खडू होता आणि पुढचे वाक्य येईना. मी एक ओळ लिहिली, पुसली, पुन्हा तीच लिहिली. घंटा झाली तेव्हा फळ्यावर साडेचार ओळी होत्या आणि त्यांतली अर्धी ओळ पोकळ होती. घरी जाताना अपमान झाल्यासारखे वाटत होते. पण सोमवारी वह्या पाहिल्या, तर मुलांच्या लेखनात एरवी कधी न दिसणारी खाडाखोड दिसली. तोपर्यंत त्यांची अशी समजूत होती की खाडाखोड म्हणजे चूक आणि चूक म्हणजे गुण कमी. बाईसुद्धा पुसतात हे त्यांनी पाहिले होते. प्रेरणेवर मी जी भाषणे दिली, त्यांतल्या एकानेही एवढे काम केले नसते.

दुसऱ्या वर्षी मी एक चूक केली. उत्साहाच्या भरात हस्तलिखितातल्या सर्वोत्तम लेखाला रोख बक्षीस जाहीर केले. लेखांचा ढीग पडला आणि मी खूश झाले. पण त्या ढिगात शालू परत आला होता, शिवाय इंटरनेटवरून उतरवलेल्या चार कविताही होत्या. तिसऱ्या वर्षी बक्षिसाचे पैसे जमले नाहीत, तेव्हा आधी हौसेने लिहिणाऱ्या दोन मुलांनी मला विचारले, “यंदा काय आहे?” त्या प्रश्नाने मला फार वाईट वाटले, कारण तो मीच त्यांना शिकवला होता.

पुढे वाचनात आले की याच गोष्टीची कसून तपासणी फार पूर्वी होऊन गेलेली आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, मुळातच स्केचपेनने चित्रे काढायला आवडणाऱ्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर केलेला होता. काही मुलांना आधीच सांगितले होते की चित्र काढले तर सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात नुसते ठेवून दिले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले बाकीच्यांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची हौस मात्र कमी झाली नव्हती. माझ्या मते यातला शेवटचा भाग शिक्षकांसाठी सर्वांत मोलाचा आहे. शाबासकी द्यावी, जरूर द्यावी, पण तिचा बोर्ड आधी लावू नये.

आमचे कलाशिक्षक हे ऐकून नुसते हसले. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३. या गुणांमुळे कितीतरी मुले चित्रकलेच्या वर्गापर्यंत येतात, हे ते मान्य करतात. पण परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रंगपेटी माळ्यावर टाकणारी मुलेही त्यांनीच पाहिली आहेत. आमच्या विषयाचेही काही वेगळे नाही. दहावीच्या मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत उपयोजित लेखनाला २४ गुण असतात, आणि ते मिळवण्यासाठी पत्राचा मायना आणि जाहिरातीची चौकट घोटून घ्यावीच लागते. मी ती घोटून घेते आणि त्याची मला लाज वाटत नाही. शुक्रवारच्या दहा मिनिटांना मात्र गुण नाहीत, आणि ते कधी द्यायचेही नाहीत, एवढे मी पाळते.

शिक्षकांच्या स्वतःच्या प्रेरणेविषयी लिहायचे तर विषय अवघड होतो. ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, मतदार याद्या आणि प्रशिक्षणांचे अहवाल यांतून उरलेल्या माणसाने सर्जनशील असावे, ही अपेक्षा थोडी निर्दयच आहे. उपाय म्हणून मी काही मोठे करत नाही. ऑफ तासाला शिक्षक खोलीत न बसता पंधरा मिनिटे ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसते आणि त्या दिवशी वर्गात ऐकलेले एक वाक्य वहीत उतरवते. महिन्यातले निम्मे दिवस तेही होत नाही. वह्या तपासतानाही ‘छान’ लिहायचे मी सोडले आहे. त्याऐवजी एक प्रश्न लिहिते: “मलमाचा वास तुला आवडतो का?” मुले उत्तर लिहून वही परत आणतात, कधी दोन ओळींचे, कधी पानभर. या उत्तरांची वाट पाहणे हाच सध्या माझ्या आठवड्यातला सर्वांत उत्साहाचा भाग आहे.

गेल्या डिसेंबरातल्या हस्तलिखितात मुलांनी माझेही पान घ्यायचे ठरवले. मी शुद्धलेखन पाहून, स्वच्छ अक्षरात उतरवून देते म्हणाले, तर संपादक मंडळाने ऐकले नाही. खाडाखोडीसकट मूळ पानच हवे होते. ते चिकटवून, भोवती स्केचपेनने नक्षीची चौकट काढून अंक खिडकीत टांगला गेला. आठवड्याने मी तो सहज उघडला, तर माझ्या पानाच्या तळाशी कोणीतरी लाल पेनने, माझ्याच अक्षराची नक्कल करून लिहिले होते: “बाई, शेवट घाईत का केला?”