इंडिकेटरला एलईडी लावताय? आधी रेझिस्टरचं बघा

पावसाळ्यात कसारा घाटात धुकं उतरलं की मागच्याला आपला इंडिकेटर लांबून दिसायलाच हवा, म्हणून मागचे इंडिकेटर एलईडी केले. बल्ब बदलला की लगेच टिकटिक दुप्पट वेगाने सुरू होते. कारण सोपंय, जुना 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टला पावणेदोन अँपियर खातो, एलईडी त्याच्या कितीतरी कमी, मग गाडीला वाटतं बल्ब उडालाय. त्यावर उपाय म्हणजे जुन्या बल्बच्या जवळपास करंट खाणारा 6 ओहम 50 वॅटचा रेझिस्टर, बल्बच्या दोन वायरींना पॅरलल (एक टोक एका वायरीला, दुसरं दुसरीला) जोडायचा, सिरीजमध्ये (एकच वायर कापून मध्ये) नाही.

आता महत्त्वाचं. हा सोनेरी रेझिस्टर चालू असताना 25-30 वॅट नुसती उष्णता काढतो, हात लावला तर चटका बसतो. नाशिकला द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये हजार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून उभे राहिलात तर विचार करा काय होत असेल. त्यामुळे तो बॉडीच्या पत्र्यावरच स्क्रूने बसवा, प्लास्टिकच्या हाउसिंगला, वायरिंगला किंवा डिकीच्या कार्पेटला अजिबात टेकू देऊ नका. डबल टेपने चिकटवून देणारे मेकॅनिक आहेत, त्यांना सरळ नाही म्हणा!

जुन्या गाडीत वेगळा फ्लॅशर रिले (इंडिकेटर चालू-बंद करणारा स्विच) असेल तर एलईडीवाला रिलेच टाका, रेझिस्टरची कटकटच नको. इंडिकेटरची काच पांढरी असेल तर बल्ब अंबरच (नारिंगी-पिवळा) घ्या. आणि हेडलाइटच्या हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी कोंबू नका प्लीज, समोरच्याला काहीच दिसत नाही हो.