ताशी चौदा मैल, पण कुणाच्या अंगणात?

इंग्लंडातल्या खेड्यात राहायला आलेला माणूस पाऊस गृहीत धरतो आणि वाऱ्यावर नजर ठेवायला शिकतो. पावसाला रेनकोट आहे, वाऱ्याला काहीच नाही. कपडे बाहेर दोरीवर घालायचे की घरात, कचऱ्याचा डबा रात्रीच रस्त्याकडेला लावायचा की पहाटे उठून, हे सगळं वारा ठरवतो. म्हणून चहा उकळेपर्यंत मी हवामानाचं ॲप उघडते.

त्यात वाऱ्याचे दोन आकडे असतात, दोन्ही ताशी मैलांत. एक सरासरीचा, दुसरा झोताचा. नवखा माणूस पहिला वाचतो, इथे मुरलेला दुसरा. सरासरी १४ असली तरी ३४चा एकच झोत पुरतो: चाकांचा डबा आडवा, आणि शेजाऱ्यांच्या हिरवळीवर आपला आठवडाभराचा संसार! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे भौतिकशास्त्र त्या डब्याला तोंडपाठ आहे.

शिवाय हे आकडे मोकळ्या माळावरच्या, जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या वाऱ्याचे. तेवढ्या उंचीवर कोण कपडे वाळत घालतं? खाली प्रत्येक परसाचा वारा वेगळा. दगडी भिंत वाऱ्याला अडवते असं वाटतं, पण तो वरून उडी मारून आत येतो आणि गिरक्या घेत बसतो. झुडपांचं कुंपण त्याला गाळून, दमवून आत सोडतं. माझी दोरी झुडपांच्या बाजूला आहे.

पण आमच्याकडची खरी भानगड डोंगराची. गाव आहे ईडन नदीच्या खोऱ्यात, क्रॉस फेलच्या पायथ्याशी. ८९३ मीटर, पेनाइन रांगेतला सर्वांत उंच डोंगर. इथे उतरणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्याला ‘हेल्म विंड’ म्हणतात. स्वतःचं नाव असलेला ब्रिटनमधला हा एकमेव वारा, असं इथे अभिमानाने सांगतात. बाकीचे बिचारे दिशेच्या नावावर जगतात. थंड, जड हवा डोंगर चढते. वर उबदार हवेचं झाकण असल्यामुळे तिला आणखी वर जाता येत नाही, मग ती या बाजूच्या उतारावरून वेग घेत कोसळते. माथ्यावर ढगाची टोपी बसते आणि खोऱ्यावर, थोड्या अंतरावर, ढगाचा एक लांब पट्टा तासन्‌तास जागचा हलत नाही. त्या पट्ट्याखाली वारा अचानक संपतो. पायथ्याच्या मिलबर्न गावात दार उघडवत नाही आणि पट्ट्यापलीकडच्या पेनरिथला पान हलत नाही, असं होऊ शकतं. गॉर्डन मॅन्ली नावाच्या हवामानतज्ज्ञाने १९३०च्या दशकात शेजारच्या ग्रेट डन फेलवर झोपडी बांधून याचा पाठपुरावा केला. असल्या हौसेला माझा नमस्कार.

मेट ऑफिसचं, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याचं, ब्रिटनच्या अंदाजासाठीचं बारीक संगणकी मॉडेल साधारण दीड किलोमीटरच्या चौकटींत देश मांडतं. एका चौकटीत आमचं चर्च, पब, मेंढ्या आणि मी, सगळे एकत्र बसतो. तक्रार नाही, पण माझ्या फाटकाचा वेगळा हिशेब तिथे कुठून असणार?

म्हणून मी वेगापेक्षा दिशा आधी बघते. इथली झाडं नैर्ऋत्येच्या वाऱ्याला सरावलेली, मुळंही त्याच हिशेबाने धरलेली. नोव्हेंबर २०२१मध्ये आर्वेन वादळ उलट्या बाजूने, उत्तर-ईशान्येकडून आलं आणि उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडात झाडांचा खच पडला. नॉर्थम्बरलंडमध्ये ताशी ९८ मैलांचा झोत नोंदला गेला.

आमचे शेजारी, मेंढ्या पाळणारे म्हातारबा, ॲप वापरत नाहीत. ते डोंगराकडे बघतात आणि एवढंच म्हणतात, “हेल्म लागलाय.” पावसाबद्दल त्यांचा अंदाज कायम चुकतो, पण वाऱ्याबद्दल मी त्यांचं ऐकते. दिशा ईशान्य आणि माथ्यावर टोपी, असं दिसलं की ॲपमध्ये १४ असो वा ४, डबा फाटकाला दोरीने बांधते. इतर दिवशी ॲपवर भागतं. फक्त चादरींना दोन-दोन चिमटे जास्त लावावेत.